जोर रॅकेटचा, कळ कोपराची

लॉन टेनिसचा इतिहास म्हणजे टेनिसपटूंचा इतिहास, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. कोणी कोणाला कोणत्या साली हरवले याच्या याद्या पुष्कळ आहेत. ज्या वस्तूने चेंडू मारला तिच्याकडे मात्र सहसा कोणी वळत नाही, आणि ज्या हाताने ती वस्तू धरली त्या हाताची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत पडून राहते. या लेखात त्या दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचायच्या आहेत. याला एक व्यावहारिक कारणही आहे. लोणावळा-तळेगाव पट्ट्यातल्या गृहसंकुलांच्या आवारात आता टेनिसची कोर्टे दिसतात आणि त्यांवर पहिल्यांदाच उतरणाऱ्यांत चाळिशी-पन्नाशीचे लोक बरेच असतात. दुकानात त्यांची मागणी एकच असते : फटक्याला जोर देणारी रॅकेट द्या, पण हात दुखता कामा नये. त्यावर ठरलेले उत्तर मिळते की दोन्हींचा मेळ घालावा लागतो, एक वाढले की दुसरे घटते. रॅकेटची दीडशे वर्षांची हकीकत पाहिली तर हे उत्तर अर्धेच खरे ठरते.

मेजर वॉल्टर क्लॉप्टन विंगफील्ड या ब्रिटिश घोडदळातल्या अधिकाऱ्याने फेब्रुवारी १८७४ मध्ये लंडनला आपल्या नव्या खेळाचे पेटंट घेतले. जाळे, खांब, चेंडू आणि रॅकेटी असा सगळा संसार एका पेटीत घालून तो ती पेटी पाच गिनींना विकत असे. खेळाच्या प्रसाराला ही पेटी फार उपयोगी पडली. जिथे इंग्रजांची छावणी किंवा जिमखाना होता तिथे ती पाठवता येत असे. पुण्याच्या कॅम्पात आणि खडकीत विलायतेहून जे काही यायचे त्याची नेहमीची वाट बोरघाटातून होती. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत या घाटात गाडीरस्ता झाला. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे आगगाडी सुरू झाली आणि १८६३ च्या एप्रिलमध्ये घाटातला चढ पुरा होऊन मुंबई-पुणे लोहमार्ग सलग झाला. विंगफील्डची पेटी बाजारात आली तेव्हा आगगाडी घाट चढू लागून अकरा वर्षे झाली होती.

घाटाचा उल्लेख केवळ वाटेपुरता नाही. मुंबई सरकारचा मुक्काम पावसाळ्यात पुण्यास हलत असे आणि साहेबांचा 'पूना सीझन' जूनच्या पुढे रंगे. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून अवघ्या ६५ किलोमीटरवरच्या पुण्यात सातशेच्या आसपास. माणसाला हा फरक छत्रीने निभावता येतो. पण रॅकेट तेव्हा लाकूड आणि आतडे यांचीच बनत असे, आणि ओल हा या दोन्हींचा उभा वैरी.

आतडे हा शब्द कोणाला खटकेल म्हणून थोडे थांबतो. रॅकेटच्या तारांना इंग्रजीत 'कॅट गट' म्हणत असले तरी मांजराचा त्यात काही संबंध नव्हता. पूर्वी मेंढीच्या आणि पुढे गाईगुरांच्या आतड्याचे पदर पीळ देऊन, वाळवून त्या तारा करीत. फ्रान्समधल्या लिआँ शहरी पिएर बाबोला याने १८७५ मध्ये टेनिससाठी अशा तारा बनवल्या. त्याआधी त्यांचे घराणे वाद्यांच्या तारा करीत असे. आपल्याला ही वस्तू अनोळखी नव्हती. पिंजाऱ्याच्या धनुकलीला लावतात ती तात हीच. तिचे मराठी नाव सोडून आपण इंग्रजीतला 'गट' उचलला आणि आजही गावोगावचे खेळाडू रॅकेटला नव्या तारा बसवण्याला 'गटिंग करणे' असेच म्हणतात, मग तारा नायलॉनच्या का असेनात. तात लवचिक असते. चेंडू आपटला की ती खोलवर दबते आणि साठवलेला जोर जवळपास सगळा परत देते. तिचा दोष एकच. दमट हवेत ती फुगते, तिचे पदर सुटतात आणि ती तुटते. लाकडी फ्रेमही ओलीने वाकडी होते, म्हणून ती चार फिरकीच्या खिळ्यांच्या चौकटीत आवळून ठेवावी लागे. जुन्या घरांच्या माळ्यावर अशी चौकट आजही कधीकधी सापडते आणि घरातल्या नव्या पिढीला ती कशाची हेच सांगता येत नाही.

या लाकडी रॅकेटची प्रकृती नीट पाहण्यासारखी आहे. विलायतेत ती ॲश लाकडाची पट्टी वाफेवर वाकवून करीत. आपल्याकडे पंजाबातल्या सियालकोटला हा धंदा वाढला, तिथे तुतीचे लाकूड वापरात होते. १९४७ च्या फाळणीनंतर सियालकोटचे बरेच कारागीर जालंधर आणि मेरठला आले आणि पुढची तीन-चार दशके भारतातल्या साध्या खेळाडूच्या हाती त्यांच्याच रॅकेटी होत्या. ॲश काय किंवा तुती काय, गुण हवा होता तो एकच : धक्का बसला की लाकडाने लवावे, चिरू नये. सह्याद्रीत या गुणासाठी धामण प्रसिद्ध आहे. धनुष्य, कावडीचा बांबू नसला तर दांडी आणि कुऱ्हाडीचा दांडा यांना धामण चालते ती याच लवचिकपणामुळे. घाव घातल्यावर दांड्याने काही झणका स्वतः खाल्ला नाही, तर तो सगळा मनगटातून कोपरात जातो, हे लाकूडतोड्याला कोणी शिकवावे लागत नाही. रॅकेटचे शास्त्र लिहिणाऱ्यांना ते अंकांत मांडायला मात्र शंभर वर्षे लागली.

शिवाय ती जड होती. लाकडी रॅकेटचे वजन साधारण ३७० ते ४०० ग्रॅम, आणि तारांचा पृष्ठभाग आजच्या दोन-तृतीयांश. विकत घेताना आधी वजन पाहत. पुष्कळ रॅकेटींच्या गळ्यावर 'एल' किंवा 'एम' असे अक्षर असे, म्हणजे हलकी किंवा मध्यम. शेजारी मुठीच्या घेराचा आकडा. याखेरीज गिऱ्हाइकाच्या हाती दुसरे माप नव्हते. बोटांनी तारा वाजवायच्या, हवेत दोन फटके मारून पाहायचे आणि ठरवायचे. गंमत अशी की १९२४ पासून लोणावळ्याला कैवल्यधामात स्वामी कुवलयानंद आसन-प्राणायामाचे शरीरावर होणारे परिणाम यंत्रांनी मोजू पाहत होते. शरीर प्रयोगशाळेत गेले होते. रॅकेट अजून कानाने पारखली जात होती.

याच जड, लवचिक रॅकेटने आपल्याकडचे पहिले मोठे टेनिस खेळले गेले. पुण्यात जन्मलेल्या संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव स्वतः टेनिस खेळत. त्यांच्या कन्या लीला राव यांनी १९३४ मध्ये विंबल्डनला एकेरीचा सामना जिंकला. तिथे असा सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने पुण्यातल्या मराठी मध्यमवर्गाला या खेळाचे दार उघडून दिले. जिमखान्याच्या सुरुवातीच्या काळात सर दोराबजी टाटांचा तिथे निकटचा संबंध होता. लोणावळ्याची वळवण आणि शिरवता ही धरणे बांधून खोपोलीला वीज करणारे ते हेच दोराबजी, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्यात पुढाकार घेणारेही हेच. डेव्हिस कपात १९७४ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांची लढत पुण्यातच झाली. ती जिंकून भारत अंतिम फेरीत पोचला आणि वर्णभेदाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी खेळायला त्याने नकार दिला. त्या लढतीच्या वेळी लाकडाचे राज्य संपत आले होते, पण संपले नव्हते.

आता हाताकडे वळू. कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ दुखणे, पिळताना आणि उचलताना कळ येणे, या विकाराचे पहिले वर्णन रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरने १८७३ मध्ये केले. विंगफील्डच्या पेटंटला अजून वर्ष होते. रुंगेचा रोगी टेनिसपटू नव्हता. लिहिण्याने हात दुखणारा होता. म्हणजे टेनिसच्या नावाने आपण ज्याला ओळखतो ते दुखणे आधी लेखनिकाचे होते. १८८२ मध्ये हेन्री मॉरिस यांनी 'लॉन टेनिस आर्म' असा उल्लेख केला, १८८३ मध्ये मेजर नावाच्या डॉक्टरांनी 'लॉन टेनिस एल्बो' म्हटले आणि नाव चिकटले ते चिकटलेच. तरीही या विकाराचे बहुसंख्य रोगी रॅकेट कधीच हाती धरत नाहीत. सुतार, गवंडी, धुणे पिळणाऱ्या बाया, दिवसभर कोयता चालवणारे. पस्तिशी ते पंचावन्न हे त्याचे मुख्य वय. मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूंची दोरी कोपराशी जिथे हाडाला बांधलेली असते, तिथे ती बारीक बारीक उसवत जाते आणि वयपरत्वे शिवण भरून यायला वेळ लागतो.

मराठी घरांत हा शब्द पोचला तो मात्र टेनिसमुळे नाही, क्रिकेटमुळे. २००४ मध्ये सचिन तेंडुलकरला टेनिस एल्बोने गाठले आणि २००५ च्या मे महिन्यात लंडनला त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्या काळात चहाच्या टपरीवरसुद्धा कोपराच्या शिरांची चर्चा चाले. सचिनची बॅट जड असते हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून लोकांनी निदान करून टाकले : जड वस्तू वापरली की कोपर जाते. क्रिकेटपुरते त्यात तथ्य असेलही. पण तोच निष्कर्ष टेनिसच्या दुकानात शिरला आणि कोपराच्या नावाखाली हलक्यात हलकी रॅकेट खपू लागली. इथेच खरी गफलत आहे, आणि ती समजण्यासाठी १९६० नंतरची हकीकत सांगितली पाहिजे.

फ्रान्सचा जुना विजेता रने लाकोस्त याने पोलादी रॅकेटची कल्पना काढली; अमेरिकेत ती १९६७ मध्ये विल्सन कंपनीने 'टी २०००' या नावाने आणली. ती फार खपली, पण लाकडाची जागा घेऊ शकली नाही. खरे वळण दिले हॉवर्ड हेड यांनी. धातूच्या स्की बनवून श्रीमंत झालेले हे गृहस्थ टेनिसमध्ये यथातथाच होते. चेंडू रॅकेटच्या कडेला लागला की ती हातात फिरते, या त्रासाला कंटाळून त्यांनी डोकेच रुंद केले. १९७६ मध्ये त्यांची 'प्रिन्स' बाजारात आली तेव्हा लोक हसले. पण गणित पक्के होते : डोके रुंद झाले की ते वळवणे अवघड होते, म्हणून चुकलेला फटकाही मनगटाला कमी पिळतो. त्यातच एक विलक्षण बाब उघडकीस आली. रॅकेट कशी असावी याबद्दल टेनिसच्या नियमांत १९७८ पर्यंत काहीच नव्हते! १९७७ मध्ये दुहेरी विणीच्या 'स्पॅगेटी' रॅकेटने नास्तासेने व्हिलासची घोडदौड रोखली, तेव्हा कुठे आंतरराष्ट्रीय महासंघ जागा झाला. तोवर फळकुटाने खेळलात तरी चालले असते.

मग कार्बनचे धागे आले. मॅकेन्रोने १९८१ चे विंबल्डन लाकडी रॅकेटने जिंकले, यानिक नोआने १९८३ ची फ्रेंच स्पर्धाही. त्यानंतर एकेरीची मोठी स्पर्धा लाकडाने कोणी जिंकली नाही. कार्बनच्या फ्रेममुळे हवा तो आकार, हवा तितका कडकपणा आणि हवे तितके कमी वजन शक्य झाले. १९८७ च्या 'विल्सन प्रोफाइल'ची फ्रेम जाडीला ३९ मिलिमीटर होती. ती जवळजवळ वाकतच नसे, आणि म्हणून चेंडू तोफेसारखा सुटे.

आता जोर येतो कुठून ते पाहू. चेंडू तारांवर जेमतेम पाच मिलिसेकंद असतो, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग. हाताला धक्का कळेपर्यंत तो निघून गेलेला असतो. तेवढ्या वेळात फ्रेम वाकली तर चेंडूचा थोडा जोर त्या वाकण्यात खर्च होतो. फ्रेम कडक असेल तर हा खर्च वाचतो, चेंडू जोरात जातो, पण धक्काही तितकाच कोरा हाताशी येतो. हा जोराचा एक मार्ग, आणि फक्त या मार्गावर दुकानदाराचे ते उत्तर खरे आहे. बाकीचे मार्ग तसे नाहीत. रॅकेट जड असेल तर तोच चेंडू तिला कमी हलवू शकतो : फटक्यात भार येतो आणि मुठीला झटका कमी बसतो. तारा सैल असतील तर त्या खोल दबून चेंडूला झोक्यासारखा परत फेकतात : जोर वाढतो आणि धक्का लांबून मऊ होतो. डोके रुंद असेल तर जोराचा पट्टा मोठा होतो आणि पिळणे कमी. पेनसिल्व्हेनियातले भौतिकशास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रॉडी यांनी १९७९ पासून या गोष्टी मोजून दाखवल्या. जोराचे चार झरे, त्यांतले तीन हाताला सुखाचे. बाजाराने नेमका चौथा धरला, कारण दुकानात दोन मिनिटे हलवून पाहताना हलकी आणि कडक रॅकेटच सगळ्यांत झकास वाटते. शिवाय हलकी केलेली रॅकेट चेंडूपुढे तग धरत नाही, म्हणून तिचे उरलेसुरले वजन डोक्याकडे सरकवतात. मग ती मनगटाला उलट ओढते.

तारांचेही असेच झाले. १९९७ मध्ये गुस्तावो कुएर्तेन पॉलिएस्टरच्या तारा लावून फ्रेंच स्पर्धा जिंकला आणि सगळे जग पॉलिएस्टरकडे वळले. या तारा चेंडूला जबर फिरकी देतात, पण त्या तातीच्या मानाने निबर असतात आणि त्यांचा जीव लवकर जातो. व्यावसायिक खेळाडू सामन्यागणिक नवे गटिंग करतो. आपला हौशी खेळाडू तेच गटिंग तुटेपर्यंत चालवतो, आणि पॉलिएस्टर सहजी तुटत नाही.

मग पन्नाशीच्या माणसाने घ्यावी कोणती? माझे मत सांगतो. वजन तारांसकट ३०० ते ३२० ग्रॅम, तोल मुठीकडे झुकलेला, डोके १०० चौरस इंचांच्या आसपास. कडकपणाचा एक आकडा उत्पादक देतात, त्याला 'आरए' म्हणतात. तो सत्तरीकडे असेल तर रॅकेट खाली ठेवावी, साठीच्या आसपास किंवा खाली असेल तर हातात घ्यावी. खांद्याला ३२० ग्रॅम झेपत नसेल तर अट्टहास करू नये. पण २६० ग्रॅमची घेऊन कोपर वाचेल असे समजू नये. सचिनच्या बॅटचा धडा इथे एवढाच लागू पडतो की जे दिवसभर उचलवत नाही ते घेऊ नये. तारा साध्या, मऊ, अनेक पदरी नायलॉनच्या. तात परवडली तर उत्तमच, पण जून ते सप्टेंबर ती कपाटात ठेवायची तयारी हवी. गटिंगचे यंत्र पौंडांत मोजते. फ्रेमवर पन्नास ते साठ लिहिलेले असते, तिथे अठ्ठेचाळीस सांगावे. गटिंग करणारा एकदा वर पाहील, पाहू द्यावे. तारांच्या मध्ये लावतात ते रबराचे बटण आवाज बदलते, हाताला पोचणारा धक्का बदलत नाही. आणि एक हाताने, उशिरा, कोपर पुढे काढून मारलेला बॅकहँड कोणतीही रॅकेट निस्तरू शकत नाही. तो प्रशिक्षकाकडेच सुधारावा लागतो. दोन हातांनी मारणाऱ्यांना हे दुखणे कमी होते.

मावळासाठी आणखी एक गोष्ट आहे आणि ती कोणत्याही विलायती पुस्तकात सापडणार नाही. इथे कोर्टे चार महिने पाण्याखाली किंवा शेवाळाखाली असतात. दसऱ्यानंतर ती खुली होतात आणि दिवाळीच्या सुटीत सगळे एकदम उतरतात. चार महिने हात निजलेला, तारांचा जीव गेलेला, चेंडू मागच्या मोसमातले दबलेले. सकाळी सातला लोणावळ्याच्या कोर्टावर दव असते. त्या दवाने चेंडूची लोकर भिजते आणि ५८ ग्रॅमचा चेंडू जड होऊन येतो. म्हणून दिवाळीआधीच जुने गटिंग कापून नवे करून घ्यावे, नवा डबा फोडावा, आणि पहिले पंधरा दिवस ऊन कोर्टावर आल्यावरच खेळायला जावे.